पोकळी किती ठेवावी? : दोन सारख्या गिटारींच्या निमित्ताने

शिरूरहून न्हावऱ्यावरून येणारा रस्ता पुणे-सोलापूर महामार्गाला जेथे मिळतो, ते चौफुला लावणीच्या रसिकांना तेथील कलाकेंद्रांमुळे ठाऊक आहे. आम्हां दोघांना ते चहामुळे ठाऊक आहे. आमच्यापैकी एक शिरूरला मराठी शिकवतो, दुसरी दौंडला. दोन्ही गावांपासून मध्यावर पडते म्हणून महिन्या-दोन महिन्यांतून एकदा चौफुल्याला भेटावे, वाचलेल्या पुस्तकांवर भांडावे आणि आपापल्या गाडीने परतावे, हा आमचा जुना शिरस्ता. मागच्या पावसाळ्यात अशाच एका भेटीला एक माजी विद्यार्थी येऊन बसला. केडगावच्या ख्रिस्ती कुटुंबातला हा मुलगा बी. ए. होऊन रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला लागला आहे. रविवारी चर्चमध्ये तो गिटार वाजवतो आणि लग्नसराईत एका ऑर्केस्ट्राबरोबर फिरतो. त्याने मोबाइलवरची दोन छायाचित्रे आमच्यापुढे ठेवली आणि विचारले, "सर, मॅडम, यांतली कोणती घेऊ?"

दोन्ही विजेच्या गिटारी. दोन्हींचा रंग कडेला काळपट तपकिरी आणि मध्ये मधासारखा पिवळा. दोन्हींना वर दोन गोलसर कान, छातीवर सारंगीच्या नव्हे पण व्हायोलिनच्या धर्तीची दोन लपेटदार छिद्रे, आणि दोन्हींच्या माथ्यावर एकच नाव : एपिफोन. एकीला ई. एस. ३३५ म्हणतात, दुसरीला कॅसिनो. किमतीत फारसा फरक नव्हता. कोणतीही घेतली तरी त्याचे दोन-अडीच महिन्यांचे पगार जाणार होते. आम्हांला गिटारीतले काय कळणार? परंतु शिक्षकाला 'माहीत नाही' म्हणण्याची सवय नसते. एकाने सांगितले, कॅसिनो घे, बीटल्सनी तीच वाजवली होती. दुसरीने सांगितले, दोन्ही सारख्याच दिसतात, स्वस्त असेल ती घे. वर्गात रूप आणि आशय यांची फारकत करू नका म्हणून वर्षानुवर्षे घसा कोरडा करणाऱ्या दोघांनी दिलेली ही उत्तरे. एकाने नावावरून निकाल दिला, दुसरीने रूपावरून, आणि आत काय आहे हे कोणीच विचारले नाही.

तो मुलगा विनयाने "बरं" म्हणून गेला, पण आमचे मन खाऊ लागले. त्या अस्वस्थतेतून जे वाचले, जे ऐकले आणि जे प्रत्यक्ष हात लावून पाहिले, त्याचा हा वृत्तान्त.

गिटार हे मुळात पोकळ वाद्य. तारेला स्वतःचा आवाज जवळजवळ नसतो. तिचे कंपन घोडीवाटे लाकडी तबलीला मिळते, तबली आतली हवा हलवते, तेव्हा कुठे श्रोत्यापर्यंत काही पोहोचते. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेतील नृत्यवृंदांत तुताऱ्या आणि सॅक्सोफोन यांच्या गर्दीत हा आवाज बुडून जाई. गिटारवादक बसलेला दिसे, ऐकू येत नसे. मग विजेचा आधार घेण्यात आला. लोखंडी तारेखाली चुंबक आणि त्याभोवती बारीक तांब्याच्या तारेचे वेटोळे ठेवले, की तारेच्या हालचालीने वेटोळ्यात वीज उत्पन्न होते आणि ती वाढवून कर्ण्यात सोडता येते. या युक्तीला पिकप म्हणतात. गंमत अशी, की बाजारात आलेली पहिली विजेची गिटार पोकळ नव्हतीच. १९३२च्या सुमारास रिकनबॅकर कंपनीने विकायला काढलेली ती गिटार ॲल्युमिनियमची, लांब दांड्याच्या तव्यासारखी होती, आणि ती मांडीवर आडवी ठेवून हवाईयन पद्धतीने वाजवायची होती. आपल्याकडे रेडिओवर व्हॅन शिप्ले, हजारा सिंग यांच्या गिटारीवरच्या चित्रपटगीतांच्या ज्या तबकड्या लागत, त्या वाद्याचे हे कूळ. उभी धरायच्या गिटारीला, फरक कळावा म्हणून, तिकडे स्पॅनिश म्हणू लागले. ई. एस. ही अक्षरे 'इलेक्ट्रिक स्पॅनिश' या शब्दांची आहेत. यात स्पेनचा संबंध एवढाच.

१९३६ साली गिब्सन कंपनीने ई. एस. १५० ही पोकळ, विजेची, उभी धरायची गिटार काढली. चार्ली ख्रिश्चन या तरुण कृष्णवर्णीय वादकाने १९३९पासून बेनी गुडमनच्या संचात ती अशी वाजवली, की गिटार हे ठेका धरण्याचे वाद्य न राहता सुषिर वाद्यांच्या बरोबरीने आलाप घेणारे वाद्य झाले. १९४२ साली क्षयाने तो गेला तेव्हा जेमतेम पंचविशीत होता. त्याच्यामागून आलेल्यांनी आवाज वाढवीत नेला आणि तेव्हा पोकळीने आपला दुसरा गुण दाखवला.

हा दुसरा गुण आपल्या वाचकांना गिटारीशिवायही परिचित आहे. सप्ताहाच्या मंडपात कीर्तनकार कर्ण्यासमोर आले की माइक कसा किंचाळतो ते आठवावे. कर्ण्यातला आवाज माइकमध्ये शिरतो, वाढून पुन्हा कर्ण्यातून येतो, पुन्हा माइकमध्ये शिरतो, आणि क्षणार्धात कानठळ्या बसतात. पोकळ गिटार हीच एक मोठी कानाची पाळी असते. समोरच्या कर्ण्याचा आवाज तिच्या तबलीला थरथरवतो, तबली तारांना, तारा पिकपला, आणि वाद्य वादकाच्या हातातून सुटून स्वतःच ओरडू लागते. जे अंग वाद्याला गोडवा देते, तेच आवाज वाढवताच त्याचे वैरी होते. त्यावर वादकांनी काय काय केले! छिद्रांत फडकी कोंबली, छिद्रांवर चिकटपट्ट्या लावल्या.

लेस पॉल या खटपट्या वादकाने १९४०च्या सुमारास मुळावरच घाव घातला. चार इंच रुंद, चार इंच जाड अशा लाकडी वाशावर त्याने तारा आणि पिकप चढवले. पोकळी नाही, म्हणून किंचाळणे नाही. याला तो 'ओंडका' म्हणे. पुढे त्याने सांगितलेली हकीकत अशी, की हा ओंडका घेऊन तो प्रथम लोकांसमोर बसला तेव्हा कोणी दाद दिली नाही. मग त्याने एक जुनी एपिफोन गिटार मध्यावर चिरली, तिचे दोन पोकळ पंख ओंडक्याच्या दोन्ही बाजूंना लावले आणि पुन्हा वाजवले. तेव्हा तेच लोक खूश झाले. आवाज ओंडक्याचाच होता. पंख होते ते डोळ्यांसाठी. हकीकत सांगणारा माणूस रंगवून सांगणारा होता हे खरे, पण हे वाद्य आजही जतन केलेले आहे आणि त्याचे पंख उघड दिसतात.

पुढची पंधराएक वर्षे भरीव गिटारीची. लिओ फेंडरने १९५० साली सपाट फळीची गिटार बाजारात आणली. जिला प्रथम नाकारले त्या कल्पनेला मान देऊन गिब्सननेही १९५२ साली लेस पॉलच्या नावाची भरीव गिटार काढली. आता कितीही आवाज करा, वाद्य ताब्यात राही. परंतु पोकळ गिटारीवर वाढलेल्या वादकांना तिच्यात काही हरवल्यासारखे वाटे. स्वर लांब टिके, पण त्याला श्वास नसे. आम्ही हे त्यांच्या शब्दांत सांगत नाही, आमच्या कानांना जे जाणवले त्या शब्दांत सांगत आहोत. दुकानात तिन्ही जातींच्या गिटारी एकामागून एक ऐकल्या तेव्हा हाच फरक आमच्यासारख्या अडाण्यांनाही कळला.

१९५८ साली टेड मॅकार्टी हे गिब्सनचे अध्यक्ष असताना या भांडणात तडजोड निघाली. मिशिगन राज्यातील कलमाझू येथील कारखान्यात एक अशी गिटार बनवली गेली, की बाहेरून ती पोकळ. दोन छिद्रे, कमानदार पाठ-पोट, सगळे परंपरेनुसार. जाडी मात्र पूर्वीच्या गिटारींच्या निम्मीच, पावणेदोन इंचांच्या आसपास. आणि पोटात, मानेपासून थेट बुडापर्यंत, मेपलचा एक सलग ठोकळा. पिकप, घोडी, तारांचा खिळ सगळे या ठोकळ्यावर बसवलेले. दोन्ही बाजूंचे पंख तेवढे पोकळ. लेस पॉलच्या ओंडक्याला जे पंख दिखाव्यासाठी लावावे लागले होते, ते येथे थोडेसे का होईना आवाजाच्या कामाला लावले गेले. हीच ई. एस. ३३५. अर्धपोकळ गिटारींचा सारा वंश तिच्यापासून सुरू होतो.

येथपर्यंत गोष्ट सरळ आहे. गोंधळ पुढे होतो, आणि तो समजून घेतल्याशिवाय आमच्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाला हात घालता येत नाही.

एपिफोन ही न्यू यॉर्कमधली गिब्सनची जुनी प्रतिस्पर्धी. ग्रीक वंशाच्या स्टाथोपुलो घराण्याची ही पेढी. एपामिनोंडास ऊर्फ एपी या थोरल्या मुलाच्या नावाला ध्वनी या अर्थाचा ग्रीक शब्द जोडून नाव तयार झाले. १९४३ साली एपी वारला, घराण्याची घडी विसकटली आणि १९५७ साली गिब्सनच्या मालकांनी ती पेढी विकत घेतली. त्यानंतर कलमाझूच्या एकाच छपराखाली, त्याच कारागिरांच्या हातून, दोन नावांची वाद्ये बाहेर पडू लागली. एकेका गिब्सनला एकेक एपिफोन जुळी. १९५९ साली गिब्सनने ३३५सारखीच दिसणारी, परंतु आतून पूर्ण पोकळ, ठोकळ्याविना असलेली ई. एस. ३३० काढली, १९६१ साली तिचीच जुळी बहीण एपिफोनच्या नावाने निघाली, ती कॅसिनो. पुढे १९७०च्या सुमारास एपिफोनचे काम जपानला गेले, नंतर कोरियाला, आणि आता बहुतांश चीनमध्ये होते. अलीकडे एपिफोन आपल्याच नावाने ई. एस. ३३५ही विकते. म्हणजे एकेकाळी ज्या दोन वाद्यांच्या माथ्यावर निदान नावे वेगळी होती, ती आता एकाच नावाने, एकाच रंगात, दुकानाच्या एकाच भिंतीवर शेजारी शेजारी टांगलेली असतात. आमचा विद्यार्थी गोंधळला यात नवल नाही.

आणि बीटल्स? ते खरेच. पॉल मॅकार्टनीने १९६४ साली कॅसिनो घेतली, जॉन लेनन आणि जॉर्ज हॅरिसन यांनी १९६६ साली. लेननने १९६८मध्ये आपल्या कॅसिनोचा रंग घासून काढून लाकूड उघडे केले आणि ३० जानेवारी १९६९ रोजी लंडनमधील इमारतीच्या गच्चीवर झालेल्या त्यांच्या अखेरच्या जाहीर वादनात तीच त्याच्या गळ्यात होती. परंतु मॅकार्टनीला ती का हवी होती? ती किंचाळते म्हणूनच! एका पिढीने फडकी कोंबून जो आवाज दाबला, तो दुसऱ्या पिढीला वाद्याचा अलंकार वाटला. उलट बी. बी. किंगचे. गिब्सनच्या अर्धपोकळ गिटारी त्याने आयुष्यभर 'ल्युसिल' या एकाच नावाने वाजवल्या. १९८० साली त्याच्या नावाची गिटार निघाली, तेव्हा तिच्यातली छिद्रेच बुजवण्यात आली. दोघेही थोर, आणि एकाचा सल्ला दुसऱ्याला निरुपयोगी. आम्ही 'बीटल्सनी वाजवली' म्हणून शिफारस केली तेव्हा यातले काहीच आम्हांला माहीत नव्हते.

आपल्याकडे ही वाद्ये कोणाच्या हाती आली? सहजासहजी कोणाच्याच नाही. आयातीवरचे निर्बंध १९९१नंतर सैल होईपर्यंत परदेशी गिटार म्हणजे जहाजावर नोकरीला असलेल्या भावाने किंवा आखातातल्या मामाने आणलेली वस्तू. एरवी मुंबईत धोबी तलावच्या दुकानांच्या काचेतून पाहावी, आणि कलकत्त्याच्या बनावटीची घ्यावी. त्यांतल्या एका छापाचे नाव गिवसन, एका अक्षराच्या फरकाने! अशा काळात मुंबईत, मूळच्या गोव्याच्या कुटुंबात, १९३६ साली जन्मलेल्या अमान्सिओ डिसिल्व्हा यांना जयपूरच्या महाराणी गायत्रीदेवींनी गिब्सन गिटार घेऊन दिली असे त्यांच्या चरित्रात सांगितले जाते. राजाश्रयाची आपली परंपरा गिटारीपर्यंत पोहोचल्याचे आम्हांला माहीत असलेले हे एकमेव उदाहरण. १९६७च्या सुमारास ते लंडनला गेले, १९६९ साली जमैकन सॅक्सोफोनवादक जो हॅरियट यांच्याबरोबर त्यांनी 'हम दोनो' ही तबकडी केली. 'कोंकण डान्स' ही त्यांची तबकडी १९७०च्या दशकाच्या आरंभी ध्वनिमुद्रित होऊनही प्रकाशित झाली ती २००६ साली, त्यांच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी. मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकांना कोकणाचा उल्लेख म्हटला की कादंबऱ्या आठवतात. ही तबकडी आम्ही या निमित्ताने प्रथमच ऐकली. अशा तबकडीचे नाव चाळिशी उलटेपर्यंत कानांवर पडू नये, याची थोडी लाज वाटली.

दौंडचे नाते वेगळे. मनमाडला जाणारा लोहमार्ग १८७८ साली झाला आणि या गावाचे जंक्शन झाले; रेल्वेबरोबर अँग्लो-इंडियन आणि गोव्याची कुटुंबे आली, त्यांच्याबरोबर त्यांची वाद्ये. त्या वसाहतीतले एक निवृत्त गार्ड आमच्या विद्यार्थ्याचे पहिले गुरू. तो त्यांना 'अंकल' म्हणतो, म्हणून आम्हीही म्हणू लागलो. त्यांच्याकडे आम्ही दोघे एका दुपारी गेलो. भिंतीवर एक पोकळ विजेची गिटार टांगलेली होती, जहाजावर असलेल्या भावाने फार वर्षांपूर्वी आणलेली. ती खाली काढून त्यांनी तिच्या छिद्रातून बोटांनी एक विटलेला कापडी बोळा ओढून काढला. रेल्वे इन्स्टिट्यूटमधल्या ख्रिसमसच्या नाचांना ही वाजवायचो, ते म्हणाले. बोळा काढला की ही माझे ऐकत नसे. मग बाजारात मडके घेताना वाजवतात तशी त्यांनी बोटाच्या पेराने तिच्या पोटावर टकटक केली. "दोन गिटारी सारख्या दिसल्या तर हातात घेऊन वजन बघा. मग छिद्रात बॅटरी मारा. उजेड पलीकडच्या छिद्रातून आला, तर ती रिकामी."

या माणसाने दोन वाक्यांत जे सांगितले ते आम्ही महिनाभर वाचून शोधत होतो.

परतताना आम्हांला मिरज आठवली. पोकळीचे शास्त्र आपल्याला गिटारीकडून शिकण्याची खरे तर गरज नव्हती. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मिरजेच्या फरीदसाहेबांनी शस्त्रांना धार लावण्याचा शिकलगारी व्यवसाय मागे टाकून सतारी-तंबोरे घडवायला आरंभ केला आणि त्यांच्या पुढच्या पिढ्यांनी ते गाव तंतुवाद्यांचे केले. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. या वाद्यांचे भोपळे येतात ते पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूने, बेगमपूरच्या परिसरातून, म्हणजे भीमेच्या काठावरून. दौंडच्या पुलाखालून जाणारे पाणीच पुढे त्या वेलींना मिळते. भोपळा कडू असतो, खाण्याच्या कामाचा नसतो. वाळला की त्याचे कवच हलके आणि कणखर होते. तंबोऱ्याचा भोपळा पोकळ, दांडीही पोकळ, तबली पातळ. त्यात कोठेही ठोकळा नाही. एका मापाचे, एका कारागिराचे, एका लाकडाचे दोन तंबोरे शेजारी ठेवले तरी त्यांचा आवाज एक येत नाही, हे प्रत्येक गवयाला ठाऊक असते. म्हणून जोड निवडताना तो दिसणे पाहत नाही. जवारी लावून घेतो, डोळे मिटतो आणि आपल्या गळ्याच्या पट्टीला कोणता दाद देतो ते ऐकतो. मिरजेत राहिलेले अब्दुल करीम खाँसाहेब या बाबतीत किती काटेकोर होते याच्या आख्यायिका आजही सांगतात.

तंबोऱ्यापुढे प्रश्न असा कधी आला नाही, कारण त्याला गर्दीशी स्पर्धा करायची नव्हती. ज्या वाद्यांना ती करावी लागली, त्यांचे हाल निराळे. तमाशातले तुणतुणे आता माइकच्या दयेवर असते. वरातीतला बेंजो पाहा. १९१२ साली जपानमधल्या नागोया शहरात मोरिता गोरो यांनी बनवलेल्या, टंकयंत्रासारख्या कळांच्या तैशोगोतो या वाद्याचा हा वंशज. आमच्या लहानपणी विजेच्या तारवाद्याशी आमची पहिली भेट त्यानेच करून दिली : हातगाडीवर जनरेटर, वर कर्णे, आणि कानांत घुसणारा तो धारदार स्वर. त्याला गोडवा कोणी मागितला नव्हता. ढोल-ताशावर मात करायला सांगितले होते आणि ते त्याने केले.

म्हणजे प्रश्न 'कोणती चांगली' असा नव्हताच. वाद्य कोणत्या आवाजात उभे राहणार आहे, यावर पोकळी किती ठेवायची ते ठरते. हे एकदा ध्यानात आल्यावर आमचे उत्तर आम्हांला तयार वाटले. ऑर्केस्ट्राच्या मंचावर मागे माणसाएवढे कर्णे, शेजारी ऑक्टोपॅड आणि की-बोर्ड. तेथे रिकाम्या गिटारीचे काय होणार ते अंकलच्या बोळ्याने सांगितलेच होते. पहिला सल्ला मागे घेऊन ३३५ घ्यायला सांगायचे, असे ठरवून आम्ही त्याच्याबरोबर पुण्याच्या दुकानात गेलो.

दोन्ही गिटारी टेबलावर आल्या. जवळून पाहता फरक बाहेरही होते. एकीत तारा छातीवर बसवलेल्या आडव्या पट्टीत अडकवलेल्या, दुसरीत बुडापासून आलेल्या धातूच्या झुल्याला. एकीची मान अंगाबाहेर बरीच लांब, दुसरीची तीन पट्ट्या आधीच अंगात शिरलेली. एकीचे पिकप दुहेरी वेटोळ्यांचे, ज्यांची गुणगुण परस्परांत मिटून जाते. दुसरीचे एकेरी, जरा खरखरीत, पण स्वराची कड स्पष्ट ठेवणारे. वजनात हाताला सहज कळेल इतका फरक. विद्यार्थ्याने मोबाइलचा उजेड ३३५च्या छिद्रात टाकला : दीड-दोन बोटांवर फिकट लाकडाची भिंत. कॅसिनोत टाकला : उजेड आडवा जाऊन पलीकडच्या छिद्राच्या कडेवर उमटला. ऐंशी-नव्वद वर्षांचा इतिहास असा दोन छिद्रांतून दिसला, आणि आम्ही उत्साहाने त्याला तो सगळा सांगितला. चार्ली ख्रिश्चन, ओंडका, मॅकार्टी. दुकानातला मुलगाही ऐकत उभा राहिला.

सगळे ऐकून घेऊन विद्यार्थी म्हणाला, "सर, गेल्या सीझनला आमच्या ऑर्केस्ट्राला तीन सुपाऱ्या मिळाल्या. त्याआधीच्या सीझनला अकरा होत्या. आता सगळीकडे डीजे लागतो."

यावर आमच्याकडे उत्तर नव्हते. ज्या मंचाच्या हिशेबाने आम्ही ठोकळ्याची गिटार निवडली होती, तो मंचच त्याच्या पायाखालून जात होता आणि हे आम्हांला, त्याच तालुक्यांत राहून, त्याच वराती पाहून, सुचले नव्हते. पुढे तो म्हणाला, की रविवार मात्र चुकलेला नाही. केडगावात पंडिता रमाबाईंनी १८९८ साली मुक्ती सदन उभे केले तेव्हापासून त्या परिसरात उपासनेचे संगीत चालत आले आहे. नारायण वामन टिळकांची पदे तेथे आजही म्हटली जातात, आणि ती आम्ही अभ्यासक्रमात कागदावर शिकवतो त्यापेक्षा फार निराळी ऐकू येतात. तेथे छोटा कर्णा, पन्नास-साठ माणसे, आणि वीज गेली तर तोही नाही. त्याने दोन्ही गिटारी वायरी न लावता एकेकदा छेडल्या. ३३५चा आवाज टेबलापर्यंत आला. कॅसिनोचा दारापर्यंत गेला.

त्याने कॅसिनो घेतली. आम्ही पहिल्या दिवशी अडाणीपणाने सांगितलेलीच, हे त्याने बोलून दाखवले नाही.

परतीला आम्ही तिघे दौंडच्या गाडीत बसलो. लोणी गेल्यावर गर्दी जरा ओसरली, तेव्हा त्याने पिशवीची चेन उघडून ती मांडीवर घेतली. कर्णा नव्हता, वायर नव्हती. समोरच्या बाकावर शेवंतीच्या रिकाम्या पाट्या घेऊन बसलेल्या बाईंनी गाडीच्या खडखडाटातूनही मान वळवली आणि विचारले, "बाळा, हिला लाइट लागत नाही का?" तो हसला, नाही म्हणाला, आणि केडगाव येईपर्यंत वाजवत राहिला.